फाटलेली पाणथरी: काढायची की वाट पाहायची?

सुदामानगरी: दोन महिन्यांपूर्वी भाचा इंदूरला भंवरकुआजवळ स्कूटरवरून घसरला. हॅण्डल डाव्या बरगडीखाली बसलं, बाहेर साधं खरचटलंही नाही. तासाभरात डावा खांदा दुखतो म्हणाला, आम्ही मलम चोळत बसलो. सोनोग्राफीत पोटात रक्त निघालं आणि सीटीत पाणथरी (प्लीहा, म्हणजे स्प्लीन) फाटलेली, पाचपैकी ग्रेड ३. तरी सर्जन म्हणे, काढायची नाही, आयसीयूत नजर ठेवू. पोरगा बरा झाला, पण मी म्हणतो नशीब. फाटलेलं इंद्रिय आत ठेवून पाहत बसणं मला अजून पटत नाही.

निवृत्त सिस्टर: दुखणं खांद्याचं नव्हतंच, दादा. पोटात सांडलेलं रक्त श्वासपटलाला टोचतं, आणि त्याची नस मानेतल्या ज्या मुळांतून निघते तिथूनच खांद्याच्याही नसा येतात. आता मुद्द्याचं. ऑपरेशन एकट्या ग्रेडवर ठरत नाही, नाडी-बीपीवर ठरतं. रक्त चढवूनही बीपी टिकेना तर सीटीला न नेता थेट टेबलावर घेतात. तुमच्या भाच्याचं बीपी टिकून होतं, म्हणून थांबले. पाणथरी पूर्वी फालतूच समजत. १९५२ मध्ये किंग आणि शूमॅकर यांनी ती काढलेल्या तान्ह्या बाळांतला जीवघेणा जंतुसंसर्ग दाखवला, तेव्हा डोळे उघडले. काढली की न्यूमोकोकससारख्या जंतूंवरच्या लसी टोचायच्या, आणि पुढे जन्मभर साध्या तापालाही घाबरायचं.

रामबागवाला: सिस्टर, हे इंदूरात ठीक. नजर ठेवायची तर रात्री दोनला सर्जन हवा, भूलतज्ज्ञ हवा, रक्ताच्या पिशव्या हव्यात. माझ्या मावसभावाला सनावदकडच्या एका छोट्या दवाखान्यात असंच 'बघू' म्हणून ठेवलं. तिसऱ्या दिवशी बीपी कोसळलं आणि ॲम्ब्युलन्स इंदूरच्या वाटेवरच्या भेरूघाटात जाममध्ये. इथे आणून पाणथरी काढली, वाचला. लसी घेतल्यात, मजेत आहे. तिथे पहिल्याच दिवशी काढली असती तर तो घाट तरी टळला असता, भिया.

निवृत्त सिस्टर: पहिल्याच दिवशी बीपी चांगलं असताना इंदूरला पाठवलं असतं तरीही घाटातला धोका टळला असता. पण दवाखान्याबद्दल तुमचं खरंय. सोय नाही तिथे थांबूच नये.

पोह्यावर जिरावन: सगळे पाणथरीवरच अडकलात. आतड्याचं काय? आतडं फुटलेलं असूनही पहिला सीटी साफ येऊ शकतो. पोट कडक व्हायला लागतं, ताप येतो, तेव्हा कळतं, आणि तिथे शिवण्यावाचून इलाज नाही. माझ्या पुतणीच्या पोटात सायकलचं हॅण्डल गेलं होतं, स्वादुपिंडाला मार. पहिल्या दिवशी दुखण्याची गोळी देऊन घरी पाठवलेली! नजर ठेवणं म्हणजे डॉक्टरनं पुन्हा पुन्हा येऊन पोटाला हात लावणं. ते होत असेल तर थांबा, नाहीतर सुदामानगरी म्हणतात तेच बरं.

सुदामानगरी: आमच्याकडे सर्जन सकाळ-संध्याकाळ पोट दाबून जात. तिथली सिस्टर तासातासाला बीपी घ्यायची, हिमोग्लोबिनसाठी सारखं रक्त काढायची, आणि आम्ही बाहेर बसून म्हणायचो, बिल वाढवताहेत. त्याचा अर्थ आज कळला. मत निम्मंच बदललं, सनावदच्या बाबतीत मी रामबागवाल्यांकडे. बाकी भाच्याला तीन महिने क्रिकेट बंद सांगितलंय आणि काल पाहिलं तर बॅट गच्चीवर. सिस्टर, तुमच्याकडून एक फोन करवू का त्याला?