इव्होकेशन: आधी देवी, मग भुतं

इंग्रजीतले इव्होकेशन आणि इन्व्होकेशन हे शब्द एकच, दोन्हींचा अर्थ आत्म्यांना बोलावणं, असं एकाने म्हटलंय. मला ते पटलं नाही, म्हणून थोडी भर घालतो.

लॅटिन 'वोकारे' म्हणजे हाक मारणं. 'वोक्स' म्हणजे आवाज, आपल्या 'वाच्'चं चुलत भावंडच. खरी गंमत उपसर्गात आहे. 'इन्' लागला की देवाचा धावा. 'ए' (मूळ 'एक्स') लागला की "बाहेर ये" अशी हाक. रोमन कवी व्हर्जिलच्या महाकाव्यात देवदूत मर्क्युरी छडी घेऊन पाताळातले फिकुटलेले आत्मे असेच बाहेर बोलावतो, तिथे क्रियापद हेच, 'एवोकारे', आहे.

पण रोमन लोकांच्या 'एवोकातिओ' या विधीत भुतंखेतं नव्हतीच. शत्रूच्या शहराची देवता फितवायची! इ.स.पू. ३९६ मध्ये वेई हे शत्रूचं शहर जिंकताना रोमन सेनापती कामिलसने तिथल्या जूनो देवीला रोममध्ये देऊळ बांधून द्यायचं कबूल केलं. रोमन इतिहासकार लिव्ही सांगतो, मूर्ती हलवायला आंघोळ करून, पांढरे कपडे घालून तरुण गेले. एकाने विचारलं, "जूनो, रोमला येतेस का?" बाकीचे ओरडले, "मान हलवली!" पोराने थट्टेतही विचारलं असेल, अशी पुस्ती लिव्हीच जोडतो, म्हणून मला तो आवडतो. देऊळ मात्र खरंच रोमच्या अव्हेंटाइन टेकडीवर झालं.

मराठीत 'आवाहन' जवळचं वाटतं, पण त्यात 'वह्' धातू आहे, म्हणजे वाहून आणणं. हाक आहे ती 'आह्वान'मध्ये, ज्याचं आपण 'आव्हान' करून थेट कुस्तीच्या फडात नेऊन ठेवलंय.