हत्तीला अंघोळ घालून पोरांना प्रेम कळतं का?

अनगोळची आई
काल या गटात दिवाळीच्या सहलीचे फोटो आले. बेळगावचंच कुटुंब, गाडी काढून हत्ती कॅम्पला गेलेलं. दोन्ही पोरांनी नदीत हत्तीला ब्रशने घासलं, मग पाठीवर बसून चक्कर मारली. खाली लिहिलंय, "हा एथिकल कॅम्प आहे, इथे मारत नाहीत. मुलांना प्राण्यांवर प्रेम करायला शिकवायचं असेल तर इथे न्या." दोनशेवर लाइक. मला रात्रभर ते वाक्य टोचत राहिलं, म्हणून सविस्तर लिहिते.

सहा वर्षांपूर्वी आम्हीही असंच एका कॅम्पला गेलो होतो. मुलगा पाच वर्षांचा. त्याला हौद्यात बसवलं, फोटो काढले. उतरल्यावर तो हत्तीच्या मागे गेला आणि शेपटीच्या मुळाशी बोट दाखवून म्हणाला, "आई, इथे सोललंय." दोरी जिथून जाते तिथलं कातडं गेलं होतं, वर पिवळं मलम फासलेलं. "आपण बसलो म्हणून?" मी नाही म्हटलं. पोराशी खोटं बोलले.

हत्तीची पाठ घोड्यासारखी नसते. मणक्याची हाडं वरच्या बाजूला टोकदार असतात, वजन थेट त्यांच्यावर येतं. आणि अनोळखी पोराच्या हाताखाली तो गप्प उभा राहतो तो स्वभावाने नव्हे. थायलंडमध्ये पिल्लाला आईपासून तोडून, बांधून, उपाशी ठेवून माणसाला शरण आणतात. त्याला तिथे फाजान म्हणतात.

गेल्या वर्षी चियांग माईजवळ एका ठिकाणी गेलो, तिथे हात लावूच देत नाहीत. 1989 मध्ये थायलंडने जंगलतोडीवर बंदी घातली, ओंडके ओढणारे हत्ती बेकार झाले आणि पर्यटनात आले. तसलेच म्हातारे हत्ती तिथे पाहिले. एक हत्तीण डोळ्याने अधू, अर्ध्या तासाने झाडीत निघून गेली. कुणी तिला परत आणलं नाही. लेक आधी चिडली, "एवढ्या लांब येऊन नुसतं बघायचं?" मग दुसरी हत्तीण पाठीवर चिखल उडवायला लागली तशी तासभर हलली नाही.

बुकिंग करायच्या आधी एकच विचारा, हात लावू देतात का? देत असतील तर नको.

सहकुटुंब
ती पोस्ट माझी. न विचारता माझ्या पोरांना चर्चेत ओढलंत, त्याचं वाईट वाटलं. थायलंडला चौघांनी जायचं म्हणजे माझा सहा महिन्यांचा पगार. आम्ही इथलीच गाडी काढून जाणार. आणि सगळे कॅम्प एका मापाने मोजू नका. सक्रेबैल असो, दुबारे असो, वनखात्याचे हत्ती रात्री जंगलात चरायला सोडतात, सकाळी माहूत आणि कावाडी (माहुताचे मदतनीस) शोधून आणतात. पिढ्यान्‌पिढ्या हेच करणारी माणसं आहेत ती. एका हत्तीला दिवसाला दीडशे किलोच्या आसपास चारा लागतो. तिकीट बंद केलंत तर तो कोण घालणार?

अनगोळची आई
पोरांचा उल्लेख करायला नको होता, तेवढं चुकलं. बाकी मुद्दा तोच. रात्री जंगलात सोडतात हे चांगलंच, पण मग सकाळी पर्यटकासाठी पाण्यात आडवं का पाडायचं? तिकीट लांबून बघायलाही लावता येतं. जानेवारी 2025 मध्ये थायलंडच्या दक्षिणेला हत्तीला अंघोळ घालताना एक स्पॅनिश विद्यार्थिनी हत्तीच्या धक्क्याने गेली. त्या हत्तीचा तरी काय दोष?

जांबोटीचा गडी
ताई, तुमी थायलंडला जाऊन आलासा. आमच्यात हत्ती फुकट येतंय. दांडेलीकडनं निघतंय, खानापूर तालुक्यातनं चंदगडला जातंय, तिकडनं दोडामार्ग. 2002 पासनं ते तिकडं कोकणात पण उतरालंय. गेल्या साली माझं दीड एकर भात पोटरीत आल्यालं, एका रात्रीत संपलं. खाल्लं त्याच्यापेक्षा तुडवलं जास्त. भरपाईला हेलपाटे किती घातले ते मलाच ठावं, कागद कन्नडात, मला वाचता येत न्हाई. त्यावर कोण एथिकल बोलत न्हाई.
आणि कॅम्प बंद करा म्हणतासा, मग बिथरल्यालं हत्ती धरायला कुमकी, म्हंजे शिकवल्यालं हत्ती, कुठनं आणायचं?

सहकुटुंब
बरोबर बोललात दादा. कॅम्पचे हत्ती नुसते फोटोला नाहीत.

अनगोळची आई
कुमकीचं मी विसरले होते, मान्य. पण अर्जुन आठवा. मैसूरच्या दसऱ्यात साडेसातशे किलोची सोन्याची अंबारी आठ वेळा वाहिली त्याने. निवृत्त केला, तरी डिसेंबर 2023 मध्ये हासन जिल्ह्यात रानहत्ती धरायच्या मोहिमेवर नेला आणि तिथेच गेला. साठीच्या हत्तीकडून हे करून घ्यायचं?

चिकोडीकर
थायलंड, मैसूर सगळं झालं, आमच्या माधुरीचं नाव कुणी काढेना. नांदणीच्या जैन मठाची हत्तीण, महादेवी हे तिचंच नाव. आमच्या घरच्या पंचकल्याणकाला, म्हणजे मूर्तिप्रतिष्ठेच्या सोहळ्याला, आली होती, माझ्या आजीने तिला गूळ भरवलेला. जुलै 2025 मध्ये कोर्टाच्या आदेशाने जामनगरला वनतारा या प्राणी केंद्रात नेली. गाव रडलं. नांदणी ते कोल्हापूर चालत मोर्चा निघाला, त्यात मी होतो, पायाला फोड आले. तुमच्यासारखेच लोक दुरून "मुक्त करा, मुक्त करा" म्हणतात, आणि ज्यांनी तीस वर्षं सांभाळलं त्यांना क्रूर ठरवतात.

निवृत्त पशुवैद्य, टिळकवाडी
माझी नोकरी गाई-म्हशींत गेली, हत्तीचा मी तज्ज्ञ नाही. पण पाय पाय असतो. हत्तीच्या तळव्याला चरबीची गादी असते, वजन झेलण्यासाठी. दिवसभर सिमेंटवर उभा केला, डांबरावर मिरवला की नखं वाढतात, भेगा पडतात, त्यात पू होतो. महादेवीच्या बाबतीतही पाय कुजणं, वाढलेली नखं, संधिवात हेच मुंबई उच्च न्यायालयापुढे आलं होतं. भक्ती खरी असते हो. पण भक्तीने नखं झिजत नाहीत.

चिकोडीकर
डॉक्टर, तुम्ही तिला कधी बघितलं होतं काय? मी वर्षातून दोनदा बघत होतो. ती मठाच्या स्वामींना सोंडेने हुंगायची. ते प्रेम खोटं होतं म्हणायचं?

निवृत्त पशुवैद्य, टिळकवाडी
खोटं म्हटलं नाही मी. पण तीस वर्षं ती एकटी होती. हत्तिणी कळपात राहतात, आया, मावश्या, आज्या मिळून. सोंडेने हुंगायला तिला दुसरी हत्तीण नव्हती.

चिकोडीकर
मग दुसरी आणून द्या की नांदणीत! जागा द्या, डॉक्टर द्या. वनतारानेच पुढे म्हटलं की नांदणीजवळ केंद्र उभारायला मदत करू. हे आधी का सुचलं नाही? आणि ज्योतिबाच्या देवळाचा हत्ती सुंदर 2014 ला बेंगळुरूजवळ बन्नेरघट्ट्याला नेला तेव्हा तुम्ही कुठल्या बाजूने होतात?

अनगोळची आई
तेव्हाही मी नेण्याच्याच बाजूने होते. सुंदरला साखळीत मारल्याचे व्हिडिओ सगळ्या देशाने पाहिले. तुमच्या आजीच्या गुळाबद्दल मी काही बोलणार नाही. पण पंचकल्याणकाला माधुरी ट्रकमधून येत होती ना? किती तास उभी असायची?

चिकोडीकर
तुमचं बोलणं मला जिव्हारी लागलं. इथेच थांबतो.

सहकुटुंब
बघा, माणूस दुखावला. सहलीवरून सुरू झालं आणि धर्मावर गेलं.

निवृत्त पशुवैद्य, टिळकवाडी
चिकोडीकर, राग नको. नांदणीजवळ मऊ जमीन, पाणी आणि सोबतीला हत्तीण असेल तर ती परत यावी असं मलाही वाटतं. मिरवणूक मात्र नको.

चिकोडीकर
मिरवणूक नको हे मठाने ठरवायचं. बाकी तुम्ही म्हणता ते मी घरी सांगेन.

सहकुटुंब
माझं सांगतो. धाकट्याला रात्री विचारलं, हत्तीचं काय आवडलं? म्हणाला, "पप्पा, तो माझ्याकडे बघतच नव्हता." मला ते तेव्हा काही वाटलं नाही. आता वाटतंय. तरी थायलंड हे उत्तर मला पटत नाही. इथे जवळ, परवडेल असं काय आहे ते सांगा.

जांबोटीचा गडी
जवळ पाहिजे तर आमच्या शिवारात या. भात कापायच्या आधी आमी रात्रीला मचाणावर असतो, बॅटरी आणि डबे घेऊन. पोरांना आणू नका, मोठ्या माणसांनीच. हत्ती आला तर अंधारात आधी फांद्या मोडल्याचा आवाज येतोय, मग वास. हात लावायला जाशीला तर परत घरी जाणार न्हाईसा. दोन माणसं बसतात, तिसरं न्हाई.

सहकुटुंब
येतो. तारीख कळवा. भरपाईचे कागदही काढून ठेवा, मला कन्नड येतं, बसून भरू.

अनगोळची आई
दुसरी जागा माझी. भाकरी आणि ठेचा मी आणते.