‘डिस्कव्हरी’ला शोध म्हणावं का?

प्रश्न : दिवाणी दाव्यांवरच्या एका लेखाचं भाषांतर करतोय. ‘डिस्कव्हरी’साठी, म्हणजे दाव्यात समोरच्या पक्षाकडचे कागद उघड करून घेण्यासाठी, मी ‘शोध’ लिहिलं, संपादकांनी ते खोडून ‘प्रकटन’ केलं. मला दोन्ही खटकतंय. वकील मंडळी काय म्हणतात?

उत्तर : बोलताना सर्रास ‘डिस्कव्हरी’च. पण ‘शोध’ गेला ते बरं झालं. शोध घेणारा स्वतः हिंडतो. इथे कागद ज्याच्या कपाटात आहे त्यालाच बोलतं करायचं असतं. आपल्या 1908च्या दिवाणी प्रक्रिया संहितेतला आदेश 11, नियम 12 बघा. वादाशी संबंधित कोणते दस्तऐवज आपल्या ताब्यात ‘आहेत किंवा होते’ हे पक्षकाराने शपथेवर सांगायचं. त्या ‘होते’कडे नीट पाहा. मूळ करारपत्र भावाकडे ठेवायला दिलं, म्हणून ते यादीतून सुटत नाही.

‘प्रकटन’ अर्थाने जवळचं आहे, पण देव प्रकट होतो तो स्वतःच्या मर्जीने. इथे झाकली मूठ कोर्टाच्या हुकमाने उघडायची असते. नाहीच उघडली तर नियम 21 : वादीचा दावा फेटाळला जाऊ शकतो, प्रतिवादीची कैफियत काढून टाकून त्याने बचावच केला नाही असं धरता येतं. अर्थात हे टोकाचं पाऊल, मुद्दाम अडवणूक दिसली तरच. हा सक्तीचा अर्थ ‘प्रकटन’मध्ये उतरत नाही, म्हणून मी ‘कागद उघड करायला लावणे’ असं सरळ लिहितो. लांबलचक आहे, पण वाचणाऱ्याला कळतं. इंग्लंडनेही 1999पासून ‘डिस्कव्हरी’ टाकून ‘डिस्क्लोजर’ घेतलं.

प्रश्न : लेख अमेरिकेतला आहे. ‘फिशिंग एक्सपिडिशन’ला ‘मासेमारी मोहीम’ चालेल?

उत्तर : अहो, वाचणारा बंदरावर जाऊन पोचेल! काहीतरी हाती लागेल या आशेने सरसकट कागद मागण्याला आपल्याकडे ‘खडा टाकून पाहणे’ आहे ना. सदोष मालाच्या दाव्यात कोणी ‘कंपनीचा 10 वर्षांचा सगळा पत्रव्यवहार द्या’ म्हणालं, तर तो खडा. ‘या खेपेचे तपासणी अहवाल द्या’ ही नेमकी मागणी, आणि कोर्ट ती सहसा मान्य करतं.

अमेरिकेच्या संघीय दिवाणी नियमांत 2015 साली झालेले दोन बदल तुमच्या लेखात येतीलच. ‘प्रपोर्शनॅलिटी’ पुढे आणली गेली, म्हणजे दाव्याची रक्कम, मुद्द्याचं महत्त्व आणि कागद गोळा करायचा खर्च यांचा मेळ. ‘प्रमाणबद्धता’ म्हटलं की मूर्ती डोळ्यांपुढे येते, ‘तारतम्य’ लिहा. दुसरं, ‘मागणी जाचक आहे’ एवढाच मोघम आक्षेप चालत नाही, कारण नेमकं द्यावं लागतं. शिवाय, कागद द्यायला लावणाऱ्या सक्तीच्या हुकमासाठी अर्ज करण्याआधी आपसांत बोलून पाहिल्याचं प्रमाणित करावं लागतं, आणि अर्ज मान्य झाला तर अडवणाऱ्याला समोरच्याच्या वकिलाचा खर्चही बहुधा सोसावा लागतो.

आणखी एक मत : डिस्कव्हरी, इन्स्पेक्शन, प्रॉडक्शन या तिन्हींना ‘सादर करणे’ लिहू नका. सांगणं, दाखवणं आणि कोर्टात हजर करणं, असे वेगळे शब्द ठेवा. पक्षकाराने वकिलाकडे सल्ला मागण्यासाठी लिहिलेलं पत्रच घ्या. ते असल्याचं यादीत सांगावं लागतं, पण दाखवावं लागत नाही. तिन्हींना एकच शब्द वापरलात तर हे वाक्य लिहिताच येणार नाही.