अनुभव धागा: शिकायला परदेशी असताना एका दिवसात पाहिलेली देवस्थानं आणि राजवाडे

शिकायला बाहेर गेलेल्यांचं फिरणं सहल कंपनीबरोबरच्या फिरण्यापेक्षा वेगळं असतं. सुट्टीचा एखादाच दिवस मिळतो, पैसे मोजून खर्च करावे लागतात आणि पाय दुखेपर्यंत चालायची तयारी असते. अशा एखाद्या दिवसाबद्दल इथे लिहा. कुठे गेलात, कुठल्या जागेपाशी रेंगाळलात आणि का? देव आणि राजा एकाच आवारात नांदतात अशा ठिकाणांचे अनुभव विशेष हवे आहेत. तिकीट, कपड्यांचे नियम, वेळा ठाऊक असतील तर तेही सांगा.

आखन, जर्मनी

आखनमध्ये पुण्या-नाशिकची इतकी मुलं इंजिनिअरिंग शिकतात की बसमध्येही मराठी कानावर पडतं. तरी त्यातले बरेच जण कॅथेड्रलचा बाहेरून फोटो काढून पुढे जातात, याचं मला खरंच वाईट वाटतं. आत जा. आठव्या शतकाच्या अखेरीस फ्रँक लोकांचा राजा शार्लमेन यानं आपल्या राजवाड्याला जोडून हे प्रार्थनामंदिर बांधायला घेतलं. राजवाडा आता उरलेला नाही, त्याच्या दरबाराच्या जागी आज राटहाउस, म्हणजे नगरपालिकेची इमारत, उभी आहे. पण मंदिराचा मधला अष्टकोन तसाच आहे. ८१४ मध्ये शार्लमेन वारला, त्याला इथेच पुरलं आणि त्याच्या अस्थी आजही इथल्या सोनेरी पेटीत आहेत.

वरच्या मजल्यावर सिंहासन आहे. ना सोनं, ना रत्नं. साध्या संगमरवरी फरश्या धातूच्या पट्ट्यांनी एकमेकींना जोडल्या आहेत आणि चढायला सहा पायऱ्या. या फरश्या जेरुसलेमच्या चर्चमधून, ख्रिस्ताच्या समाधीपासून आणल्या अशी श्रद्धा. त्यामुळे दगड जितका साधा तितका त्याचा मान मोठा. ९३६ पासून १५३१ पर्यंत तीसहून जास्त जर्मन राजांचे राज्याभिषेक या चर्चमध्ये झाले.

मी मात्र थबकलो ते बाजूच्या फरशीपाशी. तिच्यावर चक्क नवकंकरीचा पट कोरलेला आहे! आपल्याकडे लेण्यांत, गडांवर दगडात कोरलेला दिसतो तोच, एकात एक तीन चौकोनांचा. म्हणजे सिंहासनात बसवण्याआधी ही फरशी कुठेतरी आडवी पडलेली असणार आणि तिच्याभोवती बसून माणसं खेळली असणार. शिपाई असतील किंवा पहारेकरी. राजांची नावं इतिहासानं जपली, या खेळणाऱ्यांची नाही, पण त्यांच्या रेघा राजाच्या आसनावर आहेत. मी गाईडला दोनदा विचारून खात्री करून घेतली.

आणखी एक. दर सात वर्षांनी इथली चार पवित्र वस्त्रं दर्शनासाठी बाहेर काढतात आणि त्यासाठी लोक दूरवरून पायी येतात. शेवटची यात्रा २०२३ मध्ये झाली. वारी पाहत वाढलेल्या माणसाला त्या गर्दीत परकं वाटणार नाही.

बँकॉक, थायलंड

नवकंकरीचं वाचून राहवलं नाही, म्हणून लिहितेय. आमची संस्था बँकॉकच्या उत्तरेला होती. रविवारी पहाटे निघून ग्रँड पॅलेस हा राजवाडा, वाट फो (थायी भाषेत वाट म्हणजे देऊळ) आणि होडीनं नदीपलीकडचं वाट अरुण, असा दिवस केला. पूर्ण बाह्यांचा कुर्ता आणि सलवार होती, त्यामुळे दारावर काहीच अडचण आली नाही. खांदे आणि गुडघे झाकलेले नसतील तर आत सोडत नाहीत.

राजवाडा १७८२ मध्ये पहिल्या रामानं बांधायला घेतला. सध्याच्या राजघराण्यातल्या राजांना पहिला राम, पाचवा राम असंच म्हणतात. सध्याचे दहावे. त्याच आवारात वाट फ्रा केवमध्ये पाचूचा बुद्ध आहे. पाचूचा म्हणायचं, पण मूर्ती हिरव्या जेडची, उंची जेमतेम ६६ सेंटिमीटर. उन्हाळा, पावसाळा आणि हिवाळ्याचे तीन सोनेरी पोशाख आहेत आणि ऋतू बदलला की पोशाख बदलण्याचा मान राजाचा. आपल्या देवांनाही ऋतूप्रमाणे उपचार असतात, पण ते पुजारी करतात. इथे राजा स्वतः सेवेकरी होतो, हे मला फार आवडलं.

आणि भिंती! देवळाभोवतीच्या ओवरीत रामकियेनची, म्हणजे थायी रामायणाची, १७८ चित्रं आहेत. रावण इथे तोसकान होतो, अयोध्येतले महाल थायी धाटणीचे. सेतू बांधताना दगड पळवणाऱ्या मत्स्यकन्येच्या, म्हणजे तोसकानच्या मुलीच्याच, हनुमान प्रेमात पडतो आणि त्यांना मुलगा होतो. शनिवारी मारुतीला तेल वाहणाऱ्या घरातली मी, काही वेळ बघतच राहिले. संध्याकाळी आजीला फोनवर सांगितलं. वाटलं होतं रागावेल. ती म्हणाली, "अगं, आपल्याकडे घामाच्या थेंबापासून मकरध्वज झालाच की. त्यांनी आपल्या परीनं सांगितलं." परदेशी लोक ही चित्रं नुसती झगमग म्हणून बघतात. आपण प्रसंग ओळखतो आणि जिथे ओळख चुकते तिथेच खरी मजा येते. त्या ओवरीला निदान दोन तास द्या.

वाट फोचा ४६ मीटर लांबीचा निजलेला बुद्ध बघालच. त्याच्या तळपायांवरची शिंपल्यांची १०८ चिन्हं चुकवू नका.

लंडन

वेस्टमिन्स्टर ॲबीचं तिकीट विद्यार्थ्याला जड जातं. संध्याकाळच्या एव्हनसाँग प्रार्थनेला मात्र पैसे पडत नाहीत. फोटो काढता येत नाहीत, हिंडता येत नाही, पण १०६६ पासून जिथे राजे अभिषिक्त झाले त्या वास्तूत बसून गायन ऐकता येतं. पुढे पैसे साठवून दिवसाही गेलो. राज्याभिषेकाच्या खुर्चीवर जुन्या काळच्या शाळकरी मुलांनी नावं कोरलीत. १८०० च्या जुलैत एक पठ्ठ्या तिच्यात रात्रभर झोपला आणि तेही कोरून गेला. सोळाव्या शतकातल्या इंग्लंडच्या राण्या मेरी आणि एलिझाबेथ या बहिणी धर्मावरून एकमेकींच्या विरुद्ध उभ्या होत्या. त्या एकाच थडग्यात आहेत.

त्याच दिवशी टॉवर ऑफ लंडन या किल्ल्यात जाऊन कोहिनूर पाहिला. आजूबाजूचे लोक हिऱ्याच्या आकाराबद्दल बोलत होते. माझ्या डोक्यात पंजाबचा दहा वर्षांचा राजा दलीपसिंह होता, ज्याच्याकडून १८४९ च्या लाहोर तहानं तो काढून घेतला. राज्य गेलेल्या पोराच्या सहीला संमती म्हणणं मला आजही पटत नाही.

काठमांडू

एमबीबीएसची वर्षं इथे गेली. हनुमान ढोका राजवाड्याच्या दाराशी १६७२ मध्ये राजा प्रताप मल्लानं बसवलेला मारुती आहे. शेंदराच्या थरांखाली चेहरा पार दिसेनासा झालाय, अगदी आपल्या गावच्या वेशीवरच्यासारखा. पलीकडे कुमारी घर. राजे असताना ते दरवर्षी त्या लहानग्या जिवंत देवीकडून टिळा लावून घेत. २००८ मध्ये राजेशाही संपली, आता राष्ट्रपती घेतात. राजा गेला तरी प्रथा थांबली नाही, हे पाहून मला नेपाळ थोडं जास्त समजलं. पशुपतिनाथाला जाताना कातडी पट्टा, पाकीट नेऊ नका.

मॉस्को

क्रेमलिनच्या आर्चएंजल कॅथेड्रलमध्ये झारांच्या शवपेट्या ओळीनं मांडल्यात. सगळे पुरुष. बायका कुठे, म्हणून विचारलं. राण्या शेजारच्या मठात पुरलेल्या होत्या, तो मठ १९२९ मध्ये पाडला आणि त्यांचे अवशेष याच कॅथेड्रलच्या तळघरात हलवले. वर मात्र त्यांचं काही दिसत नाही. मैत्रिणींनो, तुम्ही गेलात तर नक्की विचारा. गुरुवारी क्रेमलिन बंद असतं.

आखनवाल्यांना प्रश्न

पुढच्या महिन्यात कोलोनहून येतेय. सिंहासनासाठी वेगळं तिकीट काढावं लागतं का?

आखन

खाली जायला तिकीट नाही, पण सिंहासन फक्त गाईडबरोबरच्या फेरीत दिसतं आणि तिला पैसे पडतात. कॅथेड्रलच्या माहिती केंद्रात सकाळीच वेळ विचारून घ्या. प्रार्थना चालू असेल तर फेऱ्या थांबवतात. नवकंकरीचा पट उजेड असला की नीट दिसतो, तेव्हा दुपारची फेरी धरा.