मदत हवी आहे: भंडारदऱ्याच्या घरी येणाऱ्या पाहुण्यांसाठी 'काय बघाल, काय खाल'चा कागद करायचाय

नमस्कार मंडळी,

भंडारदऱ्याला शेंडीहून मुरशेतकडे जाणाऱ्या रस्त्यावर धरणाच्या पाण्यालगत सासऱ्यांनी बांधलेलं घर आहे. आता त्यांना प्रवास झेपत नाही आणि घर नुसतंच बंद राहतं, म्हणून ओळखीच्यांना आणि त्यांच्या ओळखीच्यांना राहायला द्यायला लागलोय. सांभाळायला गावातलेच काका-मावशी आहेत, जेवण तेच करून देतात, तिथपर्यंत सगळं मस्त. पण शनिवार उजाडला की माझा फोन सुरू. "अहो इथे बघायला काय आहे", "मॅपवर वीस मिनिटं दाखवतंय आणि आम्ही तासभर गाडीतच आहोत", "स्विगी येत नाही का इकडे" (खरंच विचारलंय, हसू नका). आणि घरी रेंज कधी असते कधी नसते, त्यामुळे अर्धं बोलणं झालं की फोन कट.

तर भिंतीवर लावायला एक कागद करतोय. विल्सन डॅम, रंधा फॉल, कळसूबाई ही यादी कुठेही मिळते, ती नकोय. मला हवंय ते असं:

गुडघे दुखणाऱ्या आजी-आजोबांना अर्ध्या दिवसात काय दाखवता येईल? पाऊस नसताना, म्हणजे फेब्रुवारी-मार्चला आलेल्यांना काय सांगायचं, ते धबधबे शोधत फिरतात आणि चिडून परत येतात. सांदण दरीला लहान मुलं न्यावीत का? काजव्यांचं काय लिहू? आणि येताना काय घेऊन यावं, परत जाताना काय घेऊन जावं?

तिकडचं कुणी असेल तर फारच बरं. आम्ही मूळचे ठाण्याचे, आम्हाला पाव्हण्यांइतकंच कळतं.

निवांत_नाशिककर:
सगळ्यात आधी कागदाच्या वरच मोठ्या अक्षरात लिहा की पेट्रोल घोटीला नाहीतर राजूरला भरून घ्या आणि कॅश जवळ ठेवा. रेंज नसली की ते क्यूआर कोड नुसते शोभेला असतात, चहावाल्याकडे पन्नास रुपये द्यायला माणूस मोबाईल वर धरून रस्त्यावर फिरत असतो.

पुण्याहून येणाऱ्यांना मॅप आळेफाटा-बोटा-ब्राह्मणवाडा-कोतूळ-राजूर असं आणतो. रस्ता छान आहे पण रात्री निर्मनुष्य. उशिरा निघणार असाल तर संगमनेर-अकोले बरं. मुंबईवाल्यांना घोटीला उजवीकडे वळायचं एवढंच लक्षात ठेवायचंय. ट्रेनने येणाऱ्यांना इगतपुरी जवळ, पण तिथून गाडी आधी ठरवून ठेवायला सांगा, स्टेशनला उतरून बघू असं नको.

घाटवाटा:
सांदणबद्दल स्पष्ट लिहा. पावसाळ्यात नाही म्हणजे नाही, ती दरी म्हणजे पाणी वाहून जायची फट आहे, वर पाऊस झाला की आतल्या माणसाला पळायला जागा नाही. दिवाळीनंतर जायचं. तेव्हाही सुरुवातीच्या टप्प्यात दोन ठिकाणी पाणी लागतं, कधी गुडघ्याला कधी कमरेला, आणि पुढे सगळे मोठमोठे दगड. आठ-दहा वर्षांची चालणारी पोरं असतील तर पहिल्या पाण्यापर्यंत नेऊन परत आणा, त्यांना तेवढ्यातच धमाल येते. दोन्ही बाजूंनी दोनशे-तीनशे फूट उभा कातळ आणि वर आभाळाची चिंचोळी पट्टी, ते दिसलं की झालं. पार शेवटपर्यंत जाऊन खाली कोकणात उतरायचं तर दोर लागतो, तो पाहुण्यांचा विषय नाही. दरीजवळच्या साम्रद गावातला वाटाड्या घ्याच, चार पैसे गावात राहतात.

कळसूबाईचं पण लोक हलक्यात घेतात. १६४६ मीटर आहे ते, राज्यातलं सगळ्यात उंच. शिड्या आहेत म्हणून सोपं असं नसतं, पायथ्याच्या बारी गावातून वर जायला सवय नसलेल्याला तीन-चार तास धरा. आदल्या रात्री पार्टी करून सकाळी दहाला निघणाऱ्यांना काकांनी सरळ नको म्हणावं.

अकोलेकर:
मी तिकडचाच, राजूरजवळचा. आजी-आजोबांसाठी सांगतो. सकाळी लवकर गाडी काढा आणि पाण्याला वळसा घाला. मुरशेत, पांजरे, उडदावणे, घाटघर, साम्रद, रतनवाडी आणि परत शेंडी. सगळं मिळून चाळीस किलोमीटरच्या वर जातं पण रस्ता अरुंद आणि वळणाचा, म्हणून तुमचे पाहुणे मॅपला शिव्या घालतात. अर्धा दिवस मोकळा ठेवायचा, मध्ये कुठे पोचायची घाई नाही.

घाटघरला कोकणकड्यावर गाडीतून उतरलं की थोडंच चालणं. आमच्याकडे घाटघरला नगर जिल्ह्याची चेरापुंजी म्हणतात, पावसाळ्यात तिथे धुकं आलं की समोरचं माणूस दिसत नाही, तेव्हा कड्याच्या जवळ जायचंच नाही. हिवाळ्यात मात्र खाली थेट कोकण दिसतं.

रतनवाडीला अमृतेश्वराचं देऊळ दाखवाच. फार चालायला लागत नाही. लोक पुढून फोटो काढतात आणि निघतात. तसं नका करू. देवळाला पुढून आणि मागून अशी दोन्हीकडून दारं आहेत, आणि बाहेरच्या भिंतीवर कोरीवकाम इतकं बारीक आहे की कोवळ्या उन्हात तिरपा उजेड पडला की एकेक नक्षी वर उठून येते, दुपारी बाराला तेच सपाट दिसतं. बाजूला पुष्करणी आहे, तिच्या भिंतीतल्या कोनाड्यांत मूर्ती आहेत, तिथे आजींना निवांत बसू द्या. भर पावसात गाभाऱ्यात पाणी भरतं, पिंड पाण्याखाली जाते. मागे रतनगड, प्रवरा तिथूनच निघते.

भटकी_मावशी:
धबधब्यांचं अकोलेकरांनी सांगितलं नाही म्हणून मी सांगते. अंब्रेला फॉल बघायला भलत्या महिन्यात येणारे खूप असतात. तो काही डोंगरावरून पडणारा धबधबा नव्हे, धरणाच्या मोरीतून पाणी सोडलं की खालच्या गोल खडकावरून छत्रीसारखं पसरतं, सोडलं नाही तर नुसता खडक. रंधाही तसंच, वरून पाणी सोडलेलं असेल तर १७० फुटांवरून धडधडतो, नाहीतर बारीक धार. कागदावर लिहा की निघायच्या आधी काकांना विचारा पाणी सोडलंय का, गावात सगळ्यांना माहीत असतं.

बहुतेक वर्षी ऑगस्टच्या मध्यावर धरण भरतं आणि नेमकी १५ ऑगस्टची सुट्टी. त्या दिवसांत शेंडीत गाडी हलत नाही. पाहुण्यांना म्हणावं एकतर सकाळी सातच्या आत फिरून या, नाहीतर घरीच गॅलरीत बसा, समोर पाणी आहे की तेच बघा.

चहा_जास्त_साखर_कमी:
फेब्रुवारी-मार्चवाल्यांना धरणाची भिंत दाखवा ना. १९१० ला काम सुरू झालं, १९२६ ला पूर्ण. दगडी बांधकाम, ८२ मीटर उंची, त्या काळात त्या आडरानात कसं केलं असेल! मला तर ती रंधापेक्षा जास्त आवडते, पण मी पडलो सिव्हिलवाला.
खायचं म्हणाल तर शेंडीत तळलेले मासे, आणि मावशींना पिठलं, नाचणीची भाकरी आणि ठेचा करायला सांगा. पाहुण्यांनी येताना पिझ्झाचं सामान आणू नये एवढीच विनंती.

धागाकर्ता:
बाप रे, एवढं सगळं! सगळ्यांचे आभार. पाण्याला वळसा घालायचं आणि देवळाचं तर जसंच्या तसं घेतोय. काजव्यांचं कुणीच बोललं नाही. मे संपताना चौकशी वाढते आणि एका ग्रुपने तर मोठा स्पीकर आणू का विचारलं.

अकोलेकर:
मुद्दामच बोललो नव्हतो. मेच्या शेवटापासून जूनचा पाऊस जोर धरेपर्यंत काजवे असतात. हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ, उंबर अशा झाडांवर, आणि एका झाडावरचे सगळे एकदम लुकलुकतात. नर मादीला खुणावतो तो उजेड. त्यावर तुम्ही गाडीचा हेडलाइट आणि मोबाईलचा फ्लॅश मारला की त्यांचं जमणार कसं? अंडी मातीत, त्यामुळे झाडाखाली घोळक्याने तुडवणं पण वाईट. आणि हे सगळं कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य आहे, वनखात्याचे त्या दिवसांचे नियम असतात, प्रवेश फी आणि वेळ दोन्ही. स्पीकरवाल्यांना बुकिंगच देऊ नका, असं माझं मत.

निवांत_नाशिककर:
स्पीकरला +१. पण काजवे अजिबात दाखवू नका असं म्हणणं मला पटत नाही, गावातल्या पोरांना त्याच दोन-तीन आठवड्यांत चार पैसे मिळतात. शनिवार-रविवार सोडून या, गाडी लांब लावा, अंधारात चालत जा. एवढं ठळक लिहा.

अकोलेकर:
मधल्या वारी आले तर माझी ना नाही. शनिवारी शेंडीपासून गाड्यांची रांग लागते ती बघा एकदा.

भटकी_मावशी:
आणि पोहण्याचं लिहा हो! घर पाण्याला लागून आहे म्हणता, तर हे सगळ्यात आधी. वरून शांत दिसतं पण काठ एकदम खोल होतो, खाली गाळ, आणि मदत यायला वेळ लागतो. पाय बुडवायला ठीक, पोहायला नाही, प्यायलेल्याला तर काठावरही नाही. अँब्युलन्सचा १०८ नंबर, आणि राजूरचं ग्रामीण रुग्णालय कुठे ते नकाशा काढून दाखवा, रेंजच्या भरवशावर नको. रात्री चप्पल न घालता अंगणात जाऊ नये हे पण, पावसाळ्यात जनावरं (साप वगैरे) निघतात.

धागाकर्ता:
पोहण्याचं लाल अक्षरात टाकतो. परत जाताना काय न्यायचं ते राहिलं?

अकोलेकर:
राजूरचे पेढे. तांदूळ हवा असेल तर शेतकऱ्याच्या घरूनच घ्या, काळभात मिळाला तर सोडू नका, वासानेच कळतो. मे महिन्यात करवंदं आणि जांभळं रस्त्यावर बाया पानाच्या द्रोणात विकतात, त्यांच्याशी घासाघीस करू नका असं लिहाल का कागदावर? ज्यांना शेतीत रस आहे त्यांनी कोंभाळण्याला राहीबाई पोपेरे यांची बियाणं बँक बघावी, आधी विचारून जावं. २०२० ची पद्मश्री त्यांना, आमच्या तालुक्यातल्या.

आणि काका-मावशींना कागद वाचून दाखवा छापायच्या आधी. पाहुण्यांना रोज उत्तरं देणारे तेच आहेत, त्यांचं काही वेगळं म्हणणं असेल तर तेच ठेवा.

धागाकर्ता:
हे बेस्ट. रविवारी जातोय, तेव्हा काकांसमोर ठेवतो. पहिला मसुदा इथे टाकेन, चिरफाड करा.