पुतळा की हेडसेट? दोन्ही
मालवणच्या जीवरक्षकांना सीपीआर (छाती दाबून आणि तोंडाने श्वास देऊन जीव वाचवणं) शिकवायला व्हीआर हेडसेटमधला, म्हणजे डोळ्यांवर चढवायच्या पडद्यावरचा आभासी रुग्ण पुरेल, सरावाचा पुतळा नको, असं एक मत आहे. अर्धंच पटतं. श्वास तपासणं, मदत बोलावणं हा क्रम हेडसेट छान घोटवून घेतो. पण छाती 5 ते 6 सेंमी दाबायची, मिनिटाला 100 ते 120 वेळा, आणि दर दाबानंतर पूर्ण वर येऊ द्यायची; हवेत हात हलवून हात कसा बसणार? पुतळ्याची हनुवटी नीट उचलली नाही तर फुंकर आत जात नाही, छाती फुगत नाही, चूक तिथेच कळते. बुडालेल्याला आधी श्वासच द्यायचे असतात, म्हणून हे पक्कं हवं. आणि हेडसेट किनाऱ्यावर उघडा टाकू नका. भिंगातून ऊन शिरलं की आतली स्क्रीन जळते.