झाडं मोजली, पण तपासली कोणी?

गोदाकाठ (धागा)
2025 च्या नोव्हेंबरात कुंभमेळ्याच्या साधुग्रामासाठी तपोवनातली झाडं तोडायची नोटीस निघाली आणि नाशिककरांत उभी फूट पडली. भांडण मात्र दोन्हीकडून आकड्यांवरच चाललं: किती तोडणार, बदल्यात किती लावणार. त्यातली धडधाकट किती नि आतून सडलेली किती, यावर फारसं कोणी बोललं नाही. 2021 च्या कायदादुरुस्तीनंतर तर तोडलेल्या झाडाचं जेवढं वय तेवढी नवी झाडं लावा, असा हिशेब आला. वय मोजा, संख्या मोजा, तब्येत रामभरोसे.

माझं म्हणणं साधं आहे. रस्त्याकडेच्या प्रत्येक मोठ्या झाडाची पावसाळ्याआधी तपासणी व्हावी आणि अहवाल सगळ्यांना बघता यावा. सुरुवातीला डोळे आणि एक लाकडी हातोडा पुरतो. बुंध्याशी गॅनोडर्मा या बुरशीची टणक, तपकिरी छत्री उगवली आहे का? एका बाजूची माती उचलली गेली आहे का? शेंडा वाळतोय का? ठोकल्यावर आवाज भरीव येतो की बद्द? शंका आली तरच सोनिक टोमोग्राफ लावायचा. खोडाभोवती सेन्सर बसवतात, एकावर ठोकतात आणि आवाजाची लहर बाकीच्यांपर्यंत किती वेळात पोचते ते बघतात. सडक्या लाकडाला वळसा घालून जायचं तर उशीर होणारच.

वडाचा पार
साफ विरोध. तपासायला कोण येणार? ज्याला तोडीचं काम मिळणार त्याचाच माणूस. तुमचा अहवाल म्हणजे त्याच्या हातात आयता परवाना.

आणि पोकळ म्हणजे मेलेलं, हे डोक्यातून काढा. पाणी वर नेणारं लाकूड सालीलगत असतं, गाभा तसाही मेलेलाच. जर्मनीचे वृक्ष-अभ्यासक मॅथेक यांचा ठोकताळा आहे: पोकळीभोवतीची शाबूत भिंत खोडाच्या त्रिज्येच्या साधारण तिसऱ्या हिश्श्याएवढी जाड असेल, तर झाड सहसा मोडत नाही. त्यावरही तज्ज्ञांत वाद आहेत, ते सोडा. आपल्या वडाला तर पारंब्यांचा आधार. त्या वाहनांना लागतात म्हणून वाढू द्यायच्याच नाहीत. आधी घराचे खांब कापायचे, मग घर धोकादायक म्हणून पाडायचं!

सिडकोकर
पार साहेब, गेल्या पावसाळ्यात आमच्या गल्लीतला गुलमोहर उभ्या रिक्षावर आडवा झाला. आदल्या दिवशीपर्यंत हिरवागार. रिक्षात कोणी नव्हतं, नशीब. असतं तर त्याच्या घरच्यांना तुम्ही मॅथेक समजावून सांगणार होता का?

वडाचा पार
बुंध्याला पेव्हर ब्लॉक कुठपर्यंत होते?

सिडकोकर
खोडाला चिकटून. ड्रेनेजच्या खोदाईत एका बाजूची मुळंही तुटली होती, पडल्यावर दिसलं. पण तपासणी झाली असती तर हेच आधी कागदावर आलं असतं ना?

सुरगाण्याचा
शहरातल्या झाडांवर तुम्ही खुशाल भांडा, पण ही तपासणीची टूम आमच्या डोंगरात आणू नका. जंगलाची तब्येत एकेका खोडावरून कळत नाही. पावसाळा संपता संपता सागाची पानं किडा खातो, नुसत्या शिरांची जाळी उरते. लांबून बघणाऱ्याला वाटतं, अख्खा डोंगर करपला. साग मरत नाही, त्या साली वाढ खुंटते एवढंच. पुढच्या पावसाला पुन्हा हिरवा.

पाहणीला येणारे साहेब राबासाठी, म्हणजे रोपं टाकायची जागा भाजायला, छाटलेलं ऐनाचं झाड बघतात आणि 'अवनत वन', म्हणजे खालावलेलं जंगल, असा शेरा मारून जातात. अहो, आम्ही फांद्या घेतो, बुंधा राखतो, तो पुन्हा फुटतो. नागली-भाताची रोपं काय हवेत टाकायची?

आकडेमोड्या
मग उपग्रहावरून बघा, साहेब नको नि शेरा नको. भारतीय वन सर्वेक्षण त्यासाठीच ऑक्टोबर ते डिसेंबरमधली चित्रं घेतं, म्हणजे पानगळीचा गोंधळ टळतो.

सुरगाण्याचा
त्याच सर्वेक्षणात एक हेक्टर जागेवर झाडांचं 10 टक्के छत्र असलं की झालं वनाच्छादन, मग ते जंगल असो की कोणाची आमराई. वरून हिरवं दिसतं. खाली रोपटी आहेत का, हे वरून कसं दिसणार?

गोदाकाठ
दादा, तुम्हीच माझ्या मुद्द्यावर आलात. खालची रोपटी मोजणं हीसुद्धा तपासणीच. फुलं वेचायला सोपं जावं म्हणून मार्च-एप्रिलमध्ये मोहाखालचा पाचोळा पेटवतात, त्यात मोहाची पोरं जळतात. म्हाताऱ्या झाडांचं जंगल दिसायला झकास, पण मागे वारस नाही. हे कोणी लिहायचं?

सुरगाण्याचा
ग्रामसभेने. 2006 च्या वनहक्क कायद्याने सामूहिक हक्क मिळालेल्या गावाला जंगल राखायचा अधिकार आहे. ठरावीक चौकोन आखून दर वर्षी पोरं मोजू, कोणत्या मोहाखाली जाळलं तेही आम्हाला ठाऊक असतं. फुलांसाठी झाडाखाली जाळी बांधली तर जाळावंही लागत नाही. जाळीचे पैसे द्या, शेरे नकोत.

गोदाकाठ
हे मान्य. शहरापुरती मागणी अशी बदलतो: तपासणारा आणि तोडणारा एक नसावा. अहवालात 'तोड' या रकान्याआधी 'उपचार' हा रकाना हवा: फांद्यांचा भार कमी करणं, टेकू देणं, मुळांना हवा मिळू देणं. तोड सगळ्यात शेवटी.

वडाचा पार
रकाने कोरे सोडायची आपल्याकडे जुनी परंपरा आहे. 2013 मध्ये हरित लवादाने दिल्लीतल्या झाडांच्या बुंध्याभोवती एक मीटर जागा मोकळी ठेवायला सांगितली. तेवढं इथे करा आधी. पहार लागते, टोमोग्राफ नाही.

सिडकोकर
पहार मी देतो. पेव्हर काढल्यावर गाड्या कुठे लावायच्या, ते मात्र आमच्या गल्लीला तुम्ही येऊन सांगा. रविवारी सकाळी या, सगळे घरी असतात.